मुख्याध्यापकांसमोर सगळे मजेत

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. मी धडधाकट आहे, वेळेवर जेवते, तेव्हा काळजी नको. डोकं मात्र पार फिरलंय.

इथल्या शाळेत आरोग्य तपासणीसाठी आम्ही तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची वजनं घेतो, मग एकेकाला झोप, भूक, मनाला काही लागलंय का, असं विचारतो. तर मुख्याध्यापक खुर्ची ओढून शेजारीच बसले! म्हणे, "विचारा ना माझ्यासमोर. आमची मुलं काही लपवत नाहीत." झालं! सगळी पोरं पोपटासारखी बोलली, "मी मजेत आहे, सर." अख्खा आठवडा पाण्यात गेला.

शेवटी काल मी अक्षरशः हात जोडून त्यांना बाहेर घालवलं. दार लागल्यावर पहिल्याच मुलीने विचारलं, "आता खरं सांगू?"

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा फिरायला जातात का, की नुसतेच चपला घालून बसतात?

आणि हो, मी फोन केला की तू स्पीकर लावून माझ्या बबडीला चिकटून बसतेस. चौदा वर्षांची घोडी झाली ती! रोज आपली म्हणते, "मी मजेत आहे, आई." रविवारी फोन तिच्या हातात दे आणि दार लावून घे. बाहेरून.

तुझीच,
वैतागलेली थोरली