रश्श्याला कोणता गंज

४ नोव्हें., मंगळ.
आज सकाळी यांनी विचारलं, "मटणाचा रस्सा तू कोणत्या गंजात शिजवते वं?"
सगळा संसार झाला, पोरीचं लग्न झालं, या माणसाला घरात साखरेचा डबा कुठला ते ठाऊक नाही. आणि आज रश्श्याचं पातेलं, गंज पाहिजे! मी म्हटलं, "काहून?" तर म्हणे, "असंच."
असंच कोणी विचारत नसतं. बीपीमुळे मटण बंद झाल्यापासून जीभ वळवळून राहिली असेल. मी भिशीला गेले की मागे शिजवायचा बेत दिसतो. लक्ष ठेवणार.
गळ्याची गाठ आज दुखत नाही. सुई घातली तिथे निळं पडलंय. रिपोर्ट सोमवारी.

५ नोव्हें.
मटणाची भांडी आमच्याकडे मागच्या गॅलरीत, वेगळी. सासूबाई माळकरी होत्या, तेव्हापासूनची रीत. त्या गेल्या, भांडी तिथेच राहिली. आज पाहते तर सगळी जागची हललेली. पितळेचा गंज घासूनपुसून वर, बिडाची कढई खाली, जर्मनचा, ॲल्युमिनियमचा गंज उपडा. एकेकाचा वास घेतला. नुसता साबण. म्हणजे शिजवलं नाही अजून, पाहणी झाली फक्त.
विचारलं. "धूळ बसली होती," म्हणे. धूळ! स्वतःच्या चष्म्यावरची दिसत नाही कधी.

६ नोव्हें., गुरु.
डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते. मागच्या गुरुवारी धंतोलीला दवाखान्यात सुई घातल्यावर मी बाहेर बाकावर बसले, तर डॉक्टरांनी यांना एकट्यालाच परत आत बोलावलं. बाहेर आले ते चष्मा पुसत. काय म्हणाले डॉक्टर? "गोळ्यांचं सांगत होते." गोळी तर एकही लिहून दिलेली नाही.
तिथे काय विचारणार! बाकावर किती लोक होते, कुठकुठल्या गावचे.

७ नोव्हें.
चौकशी सुरूच. कांदा किती काळा करायचा? खोबरं आधी भाजायचं की खसखस? पाणी थंड घालायचं की गरम? सगळं मोबाईलवर टिपून राहिले, मी जवळ गेले की फोन पालथा.
शेवटी म्हटलं, "अवो, खावंसं वाटते तर सरळ सांगा. एक वाटी देते करून, डॉक्टरचं मी पाहून घेईन."
"मले नाई खायचं."
साफ खोटं. कन्हानचा माणूस हा. रविवारी मटण नसलं तर तोंड पाडून बसणारा.

८ नोव्हें.
आज भाजी निवडताना परत तेच. "गंज सांगितला नाही तू." मग सांगितला. मुद्दाम चुकीचा सांगितला, जर्मनचा. त्याचं बूड पातळ, मसाला घातला की धरतोच. खरा लागतो तो पितळेचा, तोही कल्हई धड असेल तर. आच एकदम बारीक, वर पाण्याचं झाकण. मग तर्री अशी वर येते की पाहत राहावं. बिडात मटण शिजतं चांगलं, पण रस्सा तसाच ठेवला तर काळा पडतो, लोखंडासारखा लागतो. आणि कुकरमध्ये करणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही. हे मला कोणी बसवून शिकवलं नाही. करपवून करपवून शिकले. यांनाही करपवू दे. वास प्रतापनगरभर जाईल, चोरी आपोआप सापडेल.

९ नोव्हें., रवि.
चोरी कसली! उघड उघड मटण घेऊन आले. "आज तू बस वं," म्हणाले. मी दारात खुर्ची टाकून बसले. परतायचा सराटा धरायची तऱ्हा पाहून हसू येत होतं. कांदा कापताना डोळे पुसत होते, कांद्यानेच असेल. जर्मनच्या गंजाने आपलं काम केलं. घरभर धूर.
मला वाटलं, आता स्वतःसाठी वाटी भरतील. तर एकच ताट वाढलं, माझं. स्वतः वरण-भात घेऊन समोर बसले आणि मी घास कसा गिळते ते पाहत राहिले.
"करपलं का?"
"थोडं."
"गंज चुकला का वं?"
मी करपलेला मसाला ताटाच्या कडेला सारला.
"आलं पाहिजे मले. मीनल आली की तिले तुझ्या हातचाच रस्सा लागते."
म्हटलं, "मग माझे हात कुठं चालले?"
हे उठून गंज खरवडायला लागले. किती वेळ खरवडत होते. जेवण काही गेलं नाही मला. आठवडाभर मी यांच्या जिभेवर पहारा देत होते. काय मूर्ख बाई आहे मी! भीती वाटली आज. चांगलीच वाटली.

१० नोव्हें., सोम., सकाळ
पुण्याहून मीनलचा फोन. सुट्टी टाकून येते म्हणे. आत्ता दिवाळीला तर येऊन गेली पोरगी. "काहून वं?" "असंच, आई." बापलेकीचं एकच उत्तर. जावयाची तब्येत, नोकरी, सगळं विचारून पाहिलं. सगळं ठीक. मग आवाज काहून बसला होता? सर्दी म्हणे.
संध्याकाळी दोघांनी रिपोर्टला जायचं ठरलंय. डॉक्टरांना मीच विचारणार, यांच्यासमोर. निळी साडी काढून ठेवली.

रात्री
दुपारी मी चक्कीवरून दळण घेऊन आले तर स्कूटर नाही. फोन लावला, उचलला नाही. साडी नेसून बसून राहिले. दिवेलागणीला हे आले.
"सगळं ठीक आहे. साधी गाठ आहे, बाप्पा."
"मला न घेता काहून गेले?"
"बँकेत गेलो होतो, तिकडून जवळ पडते."
"कागद कुठे?"
"डॉक्टरनं ठेवून घेतला. फायलीले लावतो म्हणाले."
तोंडाकडे पाहत राहिले मी. हसत होते. चांगले मोकळे हसत होते. साधीच असेल गाठ. असू दे रे देवा. यांना खोटं बोलता येत नाही, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. आता तेवढ्यावरच राहायचं.
हातपाय धुऊन हे सरळ स्वयंपाकघरात आले, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. हसू तसंच होतं.
"आता खरं सांग वं. कोणता गंज?"
मी म्हटलं, मीनल येऊ द्या. मी करते, तुम्ही खा. त्यांनी परत विचारलं. मी कणीक मळायला घेतली, सांगितलं नाही.