थांबता येणारी बाई

प्रिय ठमे,

पाकीट बघून घाबरली असशील. ताईने फोन सोडून पत्र लिहिलंय म्हणजे नक्की काहीतरी विपरीत घडलंय, असं तुझ्या डोक्यात आलंच असणार, आणि मेहुण्यांना हातातलं दुरुस्तीचं घड्याळ खाली ठेवायला लावून त्यांच्यासमोर तू हे फोडलं असशील. म्हणून आधीच सांगून टाकते, सगळं ठीक आहे. शाळा जागेवर आहे, मी जागेवर आहे, जिन्याखालचा नळ अजून गळतोच आहे. आता नीट बस आणि वाच.

नवी बाई आली. एकदाची आली गं बाई! आणि मी तिला ठेवून घेतली.

आपलं काय ठरलं होतं ते तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण गेले कित्येक दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. सत्र सुरू होईपर्यंत धड शिक्षक मिळाला नाही, तर तू परत यायचं. पन्नाशी उलटल्यावर लग्न केलंस, अजून नव्या घराचे पडदेसुद्धा लागले नाहीत, आणि परतीचं तिकीट पर्समध्ये ठेवून संसार करते आहेस. दर फोनला मेहुणे मागून म्हणतात, शाळा आधी, आमचं काय, आम्ही थांबू. इतका गुणी माणूस, पण ते ‘थांबू’ ऐकलं की मला ते तिकीट फाडून टाकावंसं वाटतं. कारण मी तुला ओळखून आहे. तू एकदा वर्गात उभी राहिलीस की एक सत्र म्हणता म्हणता चार होतील, आणि तो भला माणूस तिकडे एकटा लोकांची घड्याळं उघडून बसेल.

बरं, आपली भाषा शिकवायला येणाऱ्या परदेशी शिक्षकांचा आपल्या शाळेला आलेला अनुभव काय वर्णावा! तो दाढीवाला आठवतो ना? पहिल्या आठवड्यात सगळ्यांना गाणी शिकवली आणि दुसऱ्या आठवड्यात गिटारसकट गायब झाला. खोलीची किल्लीसुद्धा घेऊन गेला मेला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मी तर या वेळी पाणीसुद्धा फुंकून पीत होते. आधी तिघं जण नमुन्याचा तास घेऊन गेले. तिघंही हसतमुख, तिघांचीही कागदपत्रं चोख. पण तिघांनाही थांबता येत नव्हतं. वर्गातले बेकरीवाले काका शब्द शोधायला लागले की हे लगेच टपकन शब्द त्यांच्या पुढ्यात टाकायचे. काका ‘थँक्यू’ म्हणून खाली बसायचे आणि तोंड पाडायचे. त्यांना शब्द थोडाच हवा असतो? तिकडे परदेशात वाढलेल्या नातवाशी त्याच्या भाषेत बोलायचं आहे त्यांना, आणि तिथे शब्द पुरवायला कोण येणार आहे? तूच शिकवलंस हे मला. शब्द ज्याचा त्याने शोधायचा, बाईने फक्त थांबायचं. मी आयुष्यभर वेळापत्रकं केली, खुर्च्या मोजल्या, फळे पुसले, पण दाराआडून तुझं हे थांबणं इतक्या वेळा पाहिलंय की ते नसलं तर मला लगेच कळतं.

या बाईची मुलाखत व्हिडिओवर झाली. माझं तर तुला ठाऊकच, त्या भाषेतलं समोरच्याचं सगळं कळतं पण बोलायला गेले की दातखीळ बसते. म्हणून वर्गातल्या नर्सबाईंना शेजारी बसवलं, त्या बोलल्या आणि मी नुसती मान डोलावली. पलीकडे बाईचं कपाळ तेवढं दिसत होतं. सगळं विचारून झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, वर्गाच्या खिडक्या कुठल्या बाजूला आहेत? मी म्हटलं, झालं! ही आत्तापासूनच पळून जायची वाट बघतेय. पण सत्र तोंडावर आलं होतं. अडला हरी म्हणतात ना, तशी मी हो म्हणून बसले, आणि त्या दिवसापासून जिवाला चैन नाही. रात्रीचं जेवण जाईना. हिला इथलं मानवेल का, वर्गाला ती मानवेल का, आणि मुख्य म्हणजे हिला थांबता येईल का?

ती यायच्या दिवशी मी चांगले कपडे घालून, पुठ्ठ्यावर तिचं नाव लिहून स्टेशनवर गेले. गाडी आली, गाडी रिकामी झाली, हमालसुद्धा चहाला गेले, बाईचा पत्ता नाही. मी पुठ्ठा घेऊन तशीच उभी. मनात म्हटलं, दाढीवाला निदान येऊन तरी पळाला, ही तर न येताच पळाली. बाकावर बसून मी तुला फोन करायची तयारी करत होते, ये बाई आता, मी हरले. नंबर काढलासुद्धा होता. मग म्हटलं, आधी शाळेत जाऊन वर्गाला सुट्टी तरी देऊ.

तर शाळेत जिन्यातच हसण्याचा आवाज! बाईसाहेब आधीच्या गाडीने येऊन, पत्ता विचारत विचारत, बॅग ओढत चालत पोचल्या होत्या. विद्यार्थी जमलेले दिसले, म्हणून थेट तासच सुरू केलेला. बाई म्हणजे अशी उंच की आपल्या दाराची चौकट तिला कमरेत वाकायला लावते. वर्गातल्या सगळ्या खुर्च्या तिने फिरवून टाकलेल्या. खिडकी आता तिच्या समोर होती आणि उजेड तिच्या तोंडावर. शिकणाऱ्याला बाईचे ओठ हलताना दिसले पाहिजेत, म्हणून हो! आणि मी म्हणे पळून जायची वाट.

मी मांजरीच्या पावलांनी जाऊन मागच्या खुर्चीवर बसले, म्हटलं, गुपचूप बघू हिचं पाणी. आणि इथे फजिती झाली. तिने मला ओळखलंच नाही! मुलाखतीत माझ्या कॅमेऱ्यात म्हणे वरचा पंखाच दिसत होता, हे नर्सबाईंनी मला नंतर सांगितलं. बाईला वाटलं, ही कोणी उशिरा आलेली विद्यार्थिनी. प्रत्येकाने उठून घरी कोण आहे आणि स्वतः कसे आहात ते सांगायचं, असं चाललं होतं, आणि तिने माझ्याकडे हात केला. मी नाही नाही म्हणून मान हलवते, तर तिला वाटलं लाजतेय. वर्गाकडे पाहिलं, तर एरवी कावळ्यासारखे कलकलणारे सगळे चिडीचूप! बेकरीवाले काका तर रुमालात तोंड खुपसून गदगदा हलत होते. एकालाही दया आली नाही गं.

उठले. काय करते? म्हटलं, मी घरी राहते. एकटी राहते. मला एक बहीण आहे. ती लांब आहे. तिला नवरा आहे. यावर सगळा वर्ग फिदीफिदी हसला, कारण तुझ्या नवऱ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मग बाईने विचारलं, आणि तुम्ही? तुम्ही कशा आहात?

ठमे, आपल्या भाषेत या प्रश्नाची माझ्याकडे ढीगभर उत्तरं आहेत. चाललंय, बघू, मरायला वेळ नाही, नळ गळतोय. त्या भाषेत यातलं एकही मला येत नाही. तिथे पळवाटच नव्हती. मी तोंड उघडलं आणि उभी राहिले. बाईने हातातला खडू ठेवला, टेबलाला टेकली आणि माझ्याकडे पाहत राहिली. घाई नाही, मान हलवणं नाही, घड्याळ नाही. आपले निवृत्त बसड्रायव्हर, जन्मभर लोकांना वेळेवर पोचवायची सवय, ते मला शब्द द्यायला पुढे झाले, तर बाईने माझ्यावरची नजर न हलवता त्यांच्याकडे नुसतं एक बोट केलं. थेट तू! अगदी तुझं बोट. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, पण शब्दही आला. कोणता ते सांगते. तूही जरा थांब.

मी कोण ते नंतर कळल्यावर बाई कानापर्यंत लाल झाली, आणि घाईघाईने माफी मागायला उठली ती लटकत्या दिव्यावर डोकं आपटून घेतलं. मी तिच्या टाळूवर बर्फ धरला आणि दुसऱ्या हाताने करारावर सही केली. आता आठवडा झालाय. तिच्या बुटांचा आवाज छातीत होतो, कॉफी ती बादलीने पिते, आणि थंडीत खिडक्या सताड उघडते. पण काल काका माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, बाई चांगली आहे, मात्र फळ्यावरचं अक्षर पाहावं तर धाकट्या मॅडमचंच. तुझी गादी अगदीच गेलेली नाही, काळजी नको.

आता हे फोनवर का नाही सांगितलं, ते. फोनवर तू रोज विचारतेस, ताई, तू कशी आहेस? आणि मी तोंड उघडायच्या आत तूच सांगून मोकळी होतेस, बरी नाहीस ना, कळतं मला आवाजावरून, येतेच मी. लहानपणी पाहुण्यांसमोर माझी बोलती बंद व्हायची तेव्हापासून माझे शब्द तूच पुरवत आलीस. सगळ्या जगासाठी थांबलीस गं, फक्त माझ्यासाठी कधी थांबली नाहीस. म्हणून पत्र, यात तुला मध्ये बोलता येत नाही. त्या दिवशी त्या उजेडात मला सापडला तो शब्द एवढाच होता, बरी. मी बरी आहे. तोंडातून निघाल्यावर माझं मलाच कळलं की हे खरं आहे. संध्याकाळी घर मोठं वाटतं, तुझ्या खोलीशी पाय अडखळतो, कधी रडूही येतं, आणि तरी मी बरी आहे. ते तिकीट रद्द कर. पडदे लावून घे. सुट्टीत दोघं पाहुणे म्हणून या, तुला मागच्या खुर्चीवर बसवते. आणि मेहुणे समोरच बसलेत ना, त्यांना आत्ताच सांग, थांबणं संपलं.

तुझीच,
ताई