दाराशी साचणारं पाणी

अप्पा, आज तुमची न्हाणीघरातली फरशी फोडली. मेस्त्रीचा पहिला घाव पडला तेव्हा मला बरं वाटलं, हे आधीच सांगते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या एवढ्याशा खोलीवरून आलेला राग काही गेला नाही.

अग्रहारातलं ते टाइल्सचं दुकान तुम्हाला आठवतं? मी शाळेत होते. आईनं एक लहान, खरखरीत, राखी टाइल जमिनीवर ठेवली, चप्पल काढली आणि अनवाणी पाय तिच्यावर घासून पाहिला. "ही घ्या हो. हिच्यावर पाय घसरत नाही," ती म्हणाली. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत आणि दबक्या आवाजात तिच्यावर खेकसलात, "आधी चप्पल घाल. लोक बघतायत. तुला काय कळतं यातलं?" मग पांढरी, चकचकीत, हातभर मोठी टाइल घेतलीत, कारण तुमच्या साहेबांच्या घरी तसलीच होती. एवढ्या लहान खोलीत ती कापल्याशिवाय उतार जमेना, आणि कापायला तुम्ही तयार नव्हता. सांधे दिसतात म्हणे. पाणी जाळीकडे गेलंच नाही, दाराशी साचत राहिलं. तुम्ही अंघोळ करून, गंध लावून कामावर जायला कडकोळची बस गाठायचात आणि आई वायपर घेऊन वाकायची. रोज. पाहुणे आले की हात धुवायला म्हणून त्यांना मुद्दाम तिकडे न्यायचात. कसली हो ती मिजास!

गेल्या उन्हाळ्यात आई त्याच पाण्यावरून घसरली. मोडलेलं मनगट जुळलं, पण मनातली भीती जाईना. आता ती दार नुसतं लोटून अंघोळ करते आणि मी बाहेर उभी असते. पोटच्या मुलीसमोरही कधी साडी न बदललेली बाई आतून सारखी विचारते, "आहेस ना गं?" तिला पुन्हा आतून कडी लावून निवांत अंघोळ करता यावी, एवढंच मला हवंय. तेवढंही तुम्ही तिच्याकडे राहू दिलं नाहीत.

म्हणून मी नव्या टाइल्स आणल्या. लहान, खरखरीत, तपकिरी. दुपारी खोक्यांजवळ उभी राहून आई म्हणाली, "अय्यो, हा रंग कुणी निवडला?"

"मी. का गं?"

"बिडू, जाऊ दे. सुम्ने, सहज विचारलं." मग जरा वेळानं, "पांढरं होतं तेच बरं होतं गं. उजेड पडायचा. तुझ्या अप्पांनी किती हौसेनं घेतलेलं."

मला इतका संताप आला की तिथून निघूनच गेले. तुमचाही आणि तिचाही. तिला विचारायचं मला सुचलंच नव्हतं, हे त्यानंतर ध्यानात आलं.

मेस्त्रीला उद्या येऊ नका म्हटलंय. सकाळी तिला ऑटोनं दुकानात नेणार आहे. हे लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचायचं नाही आणि तिला मी दाखवणार नाही. तिनं पुन्हा पांढरी चकचकीतच उचलली, तर मी तिचं ऐकणार नाही, अप्पा. तसं आत्ताच ठरवून बसलेय.