तीन मिनिटांचं पाणी

१२ जानेवारी
पोचलो एकदाचे! बर्फापायी बसला दोन तास उशीर झाला, पण कारासावाच्या वळणावर गंधकाचा वास नाकात शिरला आणि सगळा शीण गेला. तीस वर्षं ह्याच डोंगरातल्या बसवर कंडक्टर होते मी, वाटेवरचं एकही गरम पाण्याचं कुंड सोडलं नाही. माझं सगळ्यात आवडतं ओनारूचं दुधाळ पाणी, मग पुलाखालचं उघड्यावरचं, आणि मग हे. ह्यांना विचारलं तर म्हणायचे, बाहेर आल्यावर जिथं थंड बिअर मिळते ते पहिलं! ऑक्टोबरात अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ह्यांचा उजवा हात लुळा आहे. ह्या पाण्यानं तो बरा व्हावा म्हणून तर इथल्या कुंडावर नोकरी धरली. दुसरं काही नको मला.

१४ जानेवारी
काम शिकले. इसे-आजी चाळीस वर्षं इथं पुकारा करायच्या. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला, आता नुसत्या पुटपुटतात. माझ्यासारखी भसाड्या गळ्याची बाईच हवी होती, असं तोंडावर म्हणाल्या की! पाणी इतकं कढत की आधी फळ्यांनी ढवळावं लागतं. मग सगळ्यांनी एकदम उतरायचं आणि तीन मिनिटं हलायचं नाही. मी काठावरून मिनिटं पुकारायची, आतल्यांनी ‘हो’ म्हणायचं, म्हणजे कुणाला भोवळ आली तर कळतं. आणि कुंडात कुणाला नावानं हाक मारायची नाही. का, म्हणून विचारलं तर आजी म्हणाल्या की बसमध्ये ड्रायव्हरला असेच प्रश्न विचारून डोकं खायचीस का गं? मी फळी उचलून पाणी ढवळायला लागले.

२० जानेवारी
ह्यांची बोटं हलली! काड्यांनी शेवया उचलल्या. मला रडूच फुटलं, तर म्हणतात कसे, रडू नकोस, रस्सा खारट होईल. टोफूवाले कुरोनुमा रोज येतात. आज म्हणाले, वहिनी, माझ्या बायकोचा आवाज तुमच्यासारखा असता तर मी ह्या कुंडातच बिऱ्हाड केलं असतं. मेला चावट! एक मात्र झालं. आत सहा जण होते आणि ‘हो’ सात आले. छत घुमत असेल.

२३ जानेवारी
आज माणसं चार, आवाज पाच. पाचवा बाईचा होता, आणि आत बाई एकही नव्हती. कुरोनुमांना विचारलं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले की सगळ्यांना ऐकू येतो, वहिनी, तुम्ही कानाआड करा.

२६ जानेवारी
हिमवादळ. दुपारी कुंडात हे एकटेच. दुसऱ्या मिनिटाला ह्यांचं डोकं कलंडलं. मी घाबरले आणि जन्मात कधी घेतलं नाही ते ह्यांचं नाव घेऊन किंचाळले. ‘हो’ आलं. बाईच्या आवाजात. मग ह्यांनी डोळे उघडले आणि आपणहून उठून चालत वर आले.

२८ जानेवारी
हात पूर्ण बरा. दोन्ही हातांनी बर्फ उपसतात. पण बोलत नाहीत. केस दोन दिवसांत वाळले नाहीत. सारखे आजींच्या घराकडे बघतात. मला भीती वाटते ह्यांची. नवऱ्याची भीती वाटते, हे लिहायलाही लाज वाटते.

३० जानेवारी
कुंडात अजूनही एक आवाज जास्त येतो. पण आता बाईचा नाही — ह्यांचा आहे. आणि हे तर घरी बसलेत. देवा.

आजींनी सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांची धाकटी बहीण सायो कुंडात बुडाली. कुंडात कुणाचं नाव घेतलं आणि ते माणूस बोललं नाही, तर खालचं कुणी त्या नावाला ‘हो’ म्हणून त्याच्या देहात वर येतं. ते माणूस खाली राहतं. ती सायो आहे, तिला परत पाठवू नकोस म्हणून आजी माझ्या पाया पडल्या. संध्याकाळी घरी गेले, तर आजी आधीच येऊन बसलेल्या, आणि घरातले हे त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून —

३१ जानेवारी
ठरलं. सायोला मी हात लावणार नाही. उद्या मी पाण्यात बसते. कुरोनुमा ‘हात्सुए’ म्हणून हाक मारतील, मी तोंड मिटून बसेन. त्यांना खरं सांगितलं नाही, मला भोवळ येते, नावानं हाक मारली तरच शुद्ध येते, एवढंच म्हटलं. खालून ह्यांनी तेवढं ‘हो’ म्हणावं, म्हणजे माझ्या देहात वर येतील. बाकी —

१ फेब्रुवारी
अक्षर नीट येत नाहीय. हिची बोटं बारीक आहेत. हिचं नाव ऐकलं, ही बोलेना, मला वाटलं भोवळ आली, म्हणून मी ‘हो’ म्हणालो. फक्त तेवढ्यासाठी. वेडे, विचारायचंस तरी मला.

काठावर बसलोय. मिनिटं पुकारतो. हिच्या गळ्यानं पुकारतो, आणि खालून ही ‘हो’ म्हणते. दर वेळी जरा हळू. आता मी म्हणतोय की हात्सुए, अगं थांब, मी उतरून तोंड मिटून बसतो, फक्त कुरोनुमा येऊन तुझं नाव पुकारेपर्यंत —