पणतीच्या रक्तातलं जास्तीचं

अव्वा, मी तुझी धाकटी लेक. दुसरीतच शाळेतून काढलंस, त्यामुळं अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घे. आम्ही आता सर्जापूर रोडला अकराव्या मजल्यावर राहतो, वरून भाजीवाली मिरचीएवढी दिसते. ते असू दे. तुला पणतीचं सांगायचं आहे.

अग, काय पळते म्हणून सांगू! आठशे मीटर. राज्यात पहिली आली तेव्हा मी बाकावर उभी राहून शिट्टी मारली. सूनबाई म्हणते, "अत्ते, खाली बसा, लोक बघतायत." बघू देत की! उंची तुझी, खांदे तुझे, हनुवटीवरचे चार केससुद्धा तुझेच. तू मार्केटात तांदळाची पोती उचलायचीस, तेव्हा हमाल हसायचे, "अक्का, मिशा कधी येणार?" पाठीवरचं पोतं खाली न ठेवता तू म्हणायचीस, "चार लेकरं पाजली, मिशांना सवड कुठली?"

मग परदेशी जायच्या आधी पोरीचं रक्त तपासलं. पुरुषांच्या अंगात असतं ते काहीतरी तिच्यात जन्मापासून जास्त आहे म्हणे. तिनं काही चोरून घेतलेलं नाही, देवानंच घातलेलं. पण नियम असा, की गोळ्या घेऊन ते कमी करायचं, नाहीतर बायकांच्या शर्यतीत उतरायचं नाही. मी म्हटलं, उंच पोरींचे पाय कापतात का? सूनबाई म्हणाली, बाकीच्या पोरींचंही बघावं लागतं, त्याही पहाटे उठून घाम गाळतात. तेही खरंच. मला दोन्हीकडचं पटतं, म्हणून तर भांडायचं कुणाशी ते कळत नाही.

गोळ्या घेतल्या तिनं. डोकं दुखायचं, तोंड सुजायचं, मैदानावर पाय उचलेनात. त्यातच संक्रांत आली. शेजारणीकडं हळदीकुंकू. रक्ताचं तिच्या कानावर गेलं असणार. सगळ्यांना लावत लावत ती आमच्या पोरीपाशी येते आणि बोट करंड्यातच थांबतं. मला विचारते, "अक्का, हिला... लावू ना?" मी तोंड उघडायच्या आत पोरगीच हसून म्हणाली, "स्वल्पच लावा आंटी. जास्तीचं माझ्यात आधीच आहे." आणि कपाळ पुढं केलं.

घरी येऊन आरशासमोर कुंकू पुसत बसली. "आजी, गोळी घेतली तर मी बाई. नाही घेतली तर कोण गं?" मी तिच्या डोक्याला तेल लावून दिलं, दुसरं काय येतं मला? दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद, आणि पळणंही. आता इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी बघते आहे.

संध्याकाळी ती माझ्याजवळ बसून अवरेच्या शेंगा सोलते. दाणे बोटांतून उडून सोफ्याखाली जातात, तेही उचलत नाही. आत सूनबाई डोळे पुसते. लहानपणापासून ही पोर पहाटे मैदानावर, संध्याकाळी मैदानावर. माझ्या वाट्याला आलीच नव्हती. आता तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकतो. तिचं सगळं गेलंय, अव्वा, आणि मला बरं वाटतं. हे घरात कुणाला सांगू? तुला पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच मला लिहवलं.