अक्काच्या अल्बममधला रुमानियन शिपाई

शनिवार, नोव्हेंबर १९९४. इंदिरानगर

अजून डोकं शांत नाही. उद्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या टपाल तिकिटांचं प्रदर्शन आणि उद्घाटनाचं भाषण माझं. म्हणून संध्याकाळी तिचा अल्बम पाहिला. रुमानियाची महायुद्धातली तिकिटं ती लग्नाआधीपासून जमवते आहे. एका पानावर नाझींच्या बाजूने लढणारा शिपाई. शिरस्त्राण घातलेला, ताठ, देखणा. माझ्या रागाचा भडकाच उडाला.

"अक्का, हे पान काढ. हा निव्वळ प्रचार आहे. याच्यासमोर मी बोलणार नाही."

"सरी," ती सवयीने कानडीत म्हणाली, "बरं, काढते. पण बाबू, आम्हा तिकिटं जमवणाऱ्यांत रीत आहे. नसलेल्या तिकिटाची चौकट रिकामी ठेवायची. खाली लिहीन, 'वक्त्याच्या हुकमावरून काढले.' चालेल?"

आणि पान काढ म्हणणारा कोण? जन्मभर सभांतून पुस्तकबंदीविरुद्ध गरजणारा मी!

आणि शिपाई देखणा आहे, हेच तर भयंकर. खोटं इतकं सुबक छापतात, हे लोकांना दिसायला नको? अक्काला हे आधीच कळलं होतं?

"स्वल्प, जरा शेजारी बघ," ती म्हणाली.

शेजारी त्याच वर्षाचं तिकीट, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी जादा दराने विकलेलं. आधी देखणा शिपाई, मग जखमींसाठी वर्गणी. माझ्या तासाभराच्या भाषणात आलं नसतं ते तिने नुसतं तिकिटं लावायच्या चिमट्याने मांडलं होतं. काय बाई आहे!

"राहू दे पान," मी म्हणालो.

"बरं. आणि भाषण पाच मिनिटं हं. लोक तिकिटं बघायला येणार आहेत."

लिहिलेलं भाषण आत्ताच फाडलं. उद्या लोकांना फक्त त्या पानापर्यंत नेईन आणि बाजूला होईन.