बबनच्या नावानं

मंगरूळपीर, ता. ९ जानेवारी १९५६

चि. बबन यास प्रयागाचे पोटभर आशीर्वाद. इकडं सर्व ठीक, तिकडची खुशाली यावी.

तुझं पत्र काल पोचलं. बर्फात ट्रकच्या चाकाले साखळ्या बांधाव्या लागतात, तंबूवरचं बर्फ सकाळी काठीनं झाडावं लागते, आपली रंगू बर्फाची बाहुली करते, सारं आईले दोनदा वाचून दाखवलं. पण मले एक गोष्ट खटकून राह्यली. मिलिटरीतून सुटून तू काश्मिरात सडकेच्या ठेक्यावर ड्रायव्हर झाला, बायकोपोरीले घेऊन बटोतच्या वर तंबूत राहाले गेला, तवापासून तुझं एक पत्र गोजराबिगर आलं नाही. गोजरानं हे रांधलं, गोजरा थंडीले अशी भ्याली. आमी हसत होतो. कालच्या अन् त्याआधीच्या पत्रांत तिचं नावच नाही. अक्षरही तुझं नाही. तुझं मोठं, पसरलेलं. हे बारीक अन् उभं.

कोण लिहून राह्यलं? गोजराले काही झालं काय?

वांग्यावर कीड पडली, बाकी मळा बरा आहे. लोभ आहेच, तो उत्तरात दिसू दे.

तुझी थोरली बहीण, प्रयागबाई

बटोत, ता. २२ जानेवारी

ती. सौ. बाईस बबनचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमी उगाच घोर करून राह्यल्या. थंडीनं बोटं आखडतात, म्हणून अक्षर बदललं. घरची सारी मजेत आहेत. रंगू दोन स्वेटर घालून बर्फात लोळते. बादलीतलं पाणी सकाळी गोठते, ते फोडून घ्यावं लागते. कणीक भिजवतानी हात बधिर होतात, म्हणून परातीजवळ निखारे ठेवायचे.

घाट उतरतानी ब्रेकचा भरोसा नाही, दाबला की चाकं घसरतात. गाडी गिअरवर उतरवायची. सीट मागं आहे, क्लचपर्यंत पाय पोचत नाही, म्हणून पाठीशी पोत्याची घडी घालतो.

वांग्यावर राख मारा. आईले सांभाळा. माया असू द्या.

आपला, बबन

मंगरूळपीर, ता. ४ फेब्रुवारी

चि. बबन यास, नाहीतर हे पत्र ज्याच्या हाती पडेल त्यास, प्रयागाचा आशीर्वाद.

माह्या भावानं जन्मात मले 'तुमी' म्हटलं नाही. त्यानं कधी कणकीले हात लावला नाही. अन् तो सहा फुटाचा गडी, त्याचा पाय क्लचपर्यंत काहून पोचत नाही?

मनात वाईट येते. तंबूत दुसरी कोणी आणून बसवली काय? तीच लिहून राह्यली काय? मंग गोजराचं काय केलं? आईले मी काही बोलली नाही, पण गोजराच्या बापापासून लपवणं जमलं नाही. शिरपूरले जाऊन दौलतमामाले सांगितलं. त्यायले वाचता येत नाही. पत्र उलटसुलट करून पाह्यलं, अन् म्हणाले की पोरगी डोळ्यानं पाह्यल्याबिगर अन्न गोड लागणार नाही. सोमवारी घोंगडं घेऊन निघाले.

तू निर्दोष असशील तर तुह्या पायाशी येऊन माफी मागीन. नसशील तर मले बहीण म्हणू नको.

प्रयाग

बटोत, ता. २५ फेब्रुवारी

ती. सौ. प्रयागबाईंस गोजराचा पदर पसरून नमस्कार.

बाई, ती पत्रं मीच लिहिली. त्यायच्या नावानं लिहितानी स्वतःचं काय लिहू ते सुचलं नाही, लाज वाटली.

डिसेंबरात घाटात बर्फ कोसळलं. ट्रकमंदी आमी तिघं होतो. तीन दिवस मागच्या टपाखाली चूल मांडून राह्यलो. हे दिवसभर उन्हात बर्फ उपसत होते. बर्फावरच्या उन्हानं त्यायचे डोळे भाजले, चौथ्या दिवशी दिसेना. मले दिवाळीआधी त्यायनं मैदानात हौसेनं गाडी शिकवली होती. तेवढ्यावर मी चाकामागं बसली. हे बाजूले बसून इंजनाचा आवाज ऐकून गिअर सांगत, रंगू खिडकीतून दरीची कड सांगे. तशी गाडी खाली आणली.

वर सडकेच्या कामावर साठ मजूर. पीठ अन् रॉकेल ट्रकनंच पोचते, अन् दुसरा ड्रायव्हर नाही. म्हणून मुकादमानं मलेच चालवू दिली. आंधळं झाल्याचं बाईले कळवू नको, अशी शपथ यायनं घातली होती. डॉक्टर म्हणतात उजवा डोळा उन्हाळ्यापर्यंत सुधरेल. डाव्याचं सांगत नाहीत.

विचारत-विचारत, सडक उघडायची वाट पाहत परवा बाबा आले. सडकेवर उभे होते. ट्रक थांबला अन् मी उतरली, तर त्यायनं आधी माह्या मागं पाह्यलं, ड्रायव्हर कुठं आहे म्हणून. मंग तंबूत गेले. यायच्या डोळ्यावरची पट्टी पाह्यली.  हेच म्हणाले, मामा, पोरीले अन् नातीले घरी घेऊन जा, मी इथं पडून राहीन. मी म्हटलं, वरचे साठ जण काय खातील?

दुसऱ्या दिवशी बाबा माह्यासंगं वरपर्यंत आले. दोन्ही हातांनी दार धरून बसले होते. परत आल्यावर फेटा काढून तोंड पुसलं अन् यायले म्हणाले, "बबनराव, तुमाले दिसेस्तोवर मी इथंच राह्यतो. भाकरी मी थापतो, गाडी तिले चालवू द्या."

आज बाबानं पहिल्यांदा भाकरी केल्या. अर्ध्या कच्च्या होत्या. यायनं चाचपून दोन खाल्ल्या.

तुमी संशय घेतला याचा राग नाही. माह्यासाठी कोणी एवढं विचारलं, हे वाचून मी तंबूमागं जाऊन रडली. आता माह्याच नावानं पत्र टाका, मले उत्तर लिहाले येईल.

तुमची भावजय,
गोजरा